तीन पाने आणि पावसाचा हिशेब

या व्यासपीठावरच्या टेबलावर तीन पाने मांडून ठेवली आहेत. पहिले सागाचे, चंद्रपूरच्या जंगलातले. हातभर लांब, खरखरीत, उघड्या वहीवर ठेवले तरी कडांबाहेर जाणारे. दुसरे अंजनीचे, महाबळेश्वरच्या रानातले. जेमतेम दोन-तीन इंचांचे, चामड्यासारखे चिवट, वरून चकचकीत. तिसरे बाभळीचे, सोलापूरकडच्या माळावरचे. ते दाखवताना आधी सांगावे लागते की या शेकडो बारीक पर्णिका मिळून एकच पान होते. यातली एक पर्णिका तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते.

ही पाने कोणालाही दाखवून विचारावे की यांतल्या कोणत्या पानाने सर्वांत जास्त पाऊस पाहिला, तर बोट बहुधा सागाकडे जाते. मोठे पान म्हणजे मोठा पाऊस, लहान चिवट पान म्हणजे कोरडा मुलूख, असा सरळ अंदाज. बाभळीपुरता तो बरोबर ठरतो. उरलेल्या दोघांबाबत मात्र साफ चुकतो. चंद्रपूरच्या भागात वर्षाकाठी साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला पडतो साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर. एवढ्या पावसात भिजणारी अंजनी पाणी जपून वापरणाऱ्यासारखे छोटे, जाड पान का काढते? आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या जंगलात साग एवढे मोठे पान काढण्याची हिंमत कशाच्या जोरावर करतो?

उत्तर शोधायचे तर झाडाच्या जमाखर्चात शिरावे लागते. कर्ब, नत्र, स्फुरद आणि पाणी खर्चून झाड पान उभे करते. पानाने उन्हात साखर तयार करून तो खर्च फेडायचा आणि वर झाडाच्या पदरात काही टाकायचे, असा हा व्यवहार आहे. पातळ पान स्वस्तात होते. त्यात वजनाच्या मानाने नत्र भरपूर असते, म्हणून कामाचा वेगही मोठा. पण ते लवकर फाटते, कोमेजते, अळ्यांना आवडते. जाड, तंतुमय पान महाग पडते. त्याचे काम संथ चालते, पण ते दीर्घकाळ टिकते आणि सावकाश का होईना, खर्च वसूल करून देते.

हा फरक वनस्पतिशास्त्रज्ञ एका साध्या आकड्यात पकडतात. एक चौरस मीटर भरेल इतके पान घ्यायचे, वाळवायचे, आणि किती ग्रॅम भरते ते पाहायचे. २००४ साली इयान राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जगभरातल्या १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींची मोजमापे एकत्र मांडली. त्यांत हे वजन १४ ग्रॅमपासून १,५०० ग्रॅमपर्यंत निघाले, म्हणजे शंभरपटीहून अधिक फरक. पानाचे आयुष्य कुठे महिन्याच्या आत संपणारे, तर कुठे २८८ महिन्यांचे, म्हणजे २४ वर्षांचे. वजन वाढते तसे आयुष्यही वाढते, ही गोष्ट वाळवंटापासून वर्षावनापर्यंत पुन्हा पुन्हा दिसली. स्वस्त आणि अल्पायुषी किंवा महाग आणि दीर्घायुषी, या दोन टोकांच्या मधल्या रेषेवर कुठेतरी प्रत्येक पान आपली जागा घेते.

सागाने आपली जागा स्वस्ताईकडे निवडली आहे. मृगाच्या सुमारास पान उलगडायला लागते आणि पाहता पाहता फूटभर, दीड फूट होते. रोपांची आणि बुंध्यातून आलेल्या फुटव्यांची पाने तर त्याहून मोठी. कोवळे पान चुरगाळले की हात लाल होतात, हे सागाच्या मुलखातल्या पोरांना शाळेत जाण्याआधीच माहीत असते. पावसाळ्याचे चार महिने जमिनीत पाणीच पाणी असते, आणि ते उधळायला हे झाड कचरत नाही. मोठ्या पानाची खरी अडचण उष्णतेची असते. प्रत्येक पानाला चिकटून हवेचा एक संथ थर असतो. पान रुंद तितका तो जाड, आणि जाड थरातून उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. अशा पानाला थंड राहायचे तर पाणी बाष्परूपाने सोडत राहावे लागते. जून ते सप्टेंबर ही चैन परवडते. पुढे थंडीत जमीन सुकत जाते तसा पानाचा सांभाळ महाग पडू लागतो, आणि साग पाने टाकायला सुरुवात करतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी सागवन उघडेबोडके असते. पंचेचाळीस अंशांचे ऊन सागाच्या पानाने कधी पाहिलेलेच नसते!

म्हणजे चंद्रपूरच्या सागाचे पान हे चंद्रपूरच्या पावसाळ्याचे पान आहे. वर्षाची सरासरी त्याच्यासाठी निरर्थक आहे.

ते स्वस्त आहे म्हणून खाणारेही टपलेले असतात. पावसाळ्याच्या आरंभी एका पतंगाच्या अळ्या कोवळ्या पानांवर तुटून पडतात आणि कधीकधी अख्खे सागवन आठवड्या-दोन आठवड्यांत ओरबाडून काढतात. पावसाळा सरता सरता दुसऱ्या पतंगाच्या अळ्या येतात. त्या शिरा सोडून मधला मऊ भाग तेवढा खातात, आणि झाडावर नुसती जाळी लटकत राहते. आश्विनात मेळघाटाकडे जाणाऱ्याला सागवन दुरून भाजल्यासारखे तपकिरी दिसते ते यामुळेच. साग हे नुकसान सोसतो. हरवलेल्या मालाची किंमतच कमी, आणि पहिल्या हल्ल्यानंतर नवी पालवी फोडायला पाऊस शिल्लक असतो.

आता महाबळेश्वर. तिथल्या पठारावरचे जंगल पाहून दक्षिणेतून आलेला वनस्पतिशास्त्रज्ञ थोडा बुचकळ्यात पडतो. रान सदाहरित खरे, पण बुटके. अंजनी, जांभूळ, पिसा ही तिथली मुख्य झाडे, आणि त्यांची उंची पुष्कळदा एखाद्या दुमजली घराएवढीच. पाने मध्यम किंवा लहान, कडक, काळसर हिरवी. अंजनीच्या पानाच्या बाजूच्या शिरा दिसतही नाहीत इतके ते गच्च असते. वाळले की पिवळे पडते, आणि त्यापासून पिवळा रंगही काढतात. सहा हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या झाडाचे हे रूप पटत नाही, कारण नजर पावसाच्या आकड्यावर खिळलेली असते. तो पाऊस पडतो कधी? जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर. ऑक्टोबरच्या सरी आटोपल्या की पुढचे सात महिने आभाळ बहुतेक कोरडे. खाली जांभा दगड आणि त्यावर मातीचा पातळ थर. दोन्ही पाणी धरून ठेवत नाहीत; कृष्णा-कोयनेला देऊन मोकळे होतात. वर कड्यावरून येणारा वारा. अंजनी वर्षभर पान राखणारी, म्हणून तिच्या पानाला जुलैचे धुके आणि एप्रिलचे ऊन, दोन्ही एकाच कातडीवर सोसावे लागतात. ते कमी पाण्याच्या महिन्यांच्या मापानेच बेतलेले असणार.

सह्याद्रीच्या वनांचा अभ्यास करणाऱ्यांनी हे फार पूर्वी ताडले. पुदुच्चेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधले ज्याँ-पिएर पास्काल यांनी पश्चिम घाटाच्या सदाहरित वनांवरचा आपला ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. एकूण पावसाबरोबर कोरड्या महिन्यांची संख्या त्यांच्या मांडणीत मध्यवर्ती आहे. घाटाच्या दक्षिण टोकाकडे कोरडा काळ दोन-तीन महिन्यांचा. उत्तरेकडे सरकत महाराष्ट्रात यावे तसा तो सात-आठ महिन्यांवर जातो. दक्षिणेकडच्या कित्येक भागांत पाऊस महाबळेश्वरच्या निम्माच पडतो, पण तो वर्षाच्या बहुतेक महिन्यांत विभागलेला असतो, आणि तिथे उंचच उंच धुपासारखी वितीएवढ्या पानांची झाडे उभी राहतात. महाबळेश्वरच्या रानात ती झाडे नाहीत. पावसाचा विक्रम त्यांच्या कामाचा नाही, त्यांना फेब्रुवारीतले पाणी हवे.

दाट सदाहरित वनाच्या आत शिरले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. एकाच झाडाच्या शेंड्याचे पान आणि खालच्या फांदीचे पान शेजारी ठेवली तर ती एका जातीची वाटू नयेत इतकी वेगळी असू शकतात. वरचे लहान, जाड, उन्हात भाजून निघालेले. खालचे रुंद आणि पातळ, कारण तिथे उन्हाचा कवडसा मिळाला तर मिळाला. जेवढा प्रकाश येईल तेवढा पकडायला स्वस्तात जास्तीत जास्त क्षेत्रफळ पसरणे हाच शहाणपणा. शिवाय सावलीतल्या रोपांच्या पानांना शेपटीसारखे लांब टोक पुष्कळदा आढळते. त्यावरून पाणी झटकन ओघळते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ एर्न्स्ट श्टाल यांनी जावा बेटावरच्या बोगोरच्या प्रसिद्ध बागेत या टोकांचा अभ्यास करून १८९३ मध्ये तो छापला, आणि तेव्हापासून असे टोक ही वर्षावनाची खूण मानली जाते. पण सगळ्यांत देखणे लांब टोक तर पिंपळाचे, आणि पिंपळ मराठवाड्याच्या कोरड्या गावातही पारावर डोलत असतो. एका पानावरून जंगल ओळखायला जाणारा असा फसतो.

पानांच्या वेळापत्रकाला मराठीत एक शब्द आहे: चैत्रपालवी. त्यात निरीक्षण किती नेमके आहे ते थांबून पाहण्यासारखे आहे. युरोपातले झाड थंडीने पान टाकते आणि ऊब आली की नवे काढते. इथे पानगळ होते ती मुख्यतः कोरडेपणामुळे. मग नवी पालवी पावसाबरोबर यायला हवी, आणि सागाची तशी येतेही. पण कुसुम, मोह, पिंपळ, करंज ही झाडे चैत्रात, म्हणजे आणखी दोन-अडीच महिने थेंब पडायचा नसतो तेव्हा, पालवतात. कुसुमाचे झाड त्या दिवसांत पेटल्यासारखे लालभडक दिसते. पर्यटक त्याला फुले समजतात, असतात ती कोवळी पाने. खोल मुळांना आणि खोडाला साठवणीतले पाणी असते. जुनी पाने टाकल्यामुळे खर्च थांबलेला असतो, त्यामुळे तेवढ्या पाण्यावर नवी पालवी निघते आणि पहिला पाऊस येतो तेव्हा कारखाना सुरू झालेला असतो. अळ्यांचा सुकाळ पावसाबरोबर होतो; तोवर हे पान बऱ्यापैकी निबर झालेले असते. लाली कशासाठी, यावर मतभेद आहेत. कोवळ्या पानाला कडक उन्हापासून आडोसा, हे एक कारण दिले जाते. दुसरे असे की पान कोवळे आणि असुरक्षित असेपर्यंत झाड त्यात मौल्यवान हरितद्रव्य भरतच नाही. खाल्ले गेले तरी तोटा कमी.

या वेळापत्रकावर विदर्भातल्या हजारो घरांची चूल अवलंबून असते. तेंदूचे, म्हणजे टेंभुर्णीचे पान बिडीला लागते. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर भागांत उन्हाळ्याआधी तेंदूची झुडपे छाटतात. त्याला खुटकटाई म्हणतात. छाटलेल्या खुंटातून आणि मुळांतून येणारी पाने मोठी आणि मऊ असतात. मग एप्रिल-मेमध्ये तोडणीचा हंगाम. तोडणाऱ्या बाईला दोन दिवस आधीचे आणि दोन दिवस नंतरचे पान यांतला फरक बोटांनी कळतो. फार कोवळे असेल तर वाळताना आकसते, निबर झाले की वळताना चिरते. पहाटे निघायचे, ऊन चढेपर्यंत तोडायचे, घरी सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, न्यायचे. पानाची जाडी, लवचीकपणा, शिरांचा बारीकपणा हे प्रयोगशाळेत मोजले जाणारे गुण इथे पिढ्यान्‌पिढ्या हाताने मोजले जात आहेत आणि त्यांवर मजुरी ठरत आहे. वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या बायांच्या ज्ञानाला अजून जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी.

माळावरच्या बाभळीकडे वळले की हिशेब पुन्हा पालटतो. बाभूळ, हिवर, खैर यांच्या इवल्या पर्णिकांभोवती हवेचा तो संथ थर जवळजवळ नसतोच. वाऱ्याच्या साध्या झुळकीनेही उष्णता निघून जाते, पाणी खर्चावे लागत नाही. म्हणूनच माळावरच्या बाभळीची सावली विरळ असते, पण तिचे पान सहसा तापून करपत नाही. राइट यांच्याच पुढाकाराने ७,६७० जातींच्या पानांच्या आकाराचा अभ्यास २०१७ साली ‘सायन्स’मध्ये आला. उष्ण आणि ओल्या प्रदेशात मोठे पान परवडते, उष्ण आणि कोरड्यात ते महागात पडते, आणि थंड मुलखात रात्रीच्या गारठ्याने मोठे पान गोठण्याचा धोका असतो, असे चित्र त्यातून पुढे आले.

बाभळीत आणखी एक खुबी आहे. तिचे मूळ खोल जाते, आणि सागासारखी ती उन्हाळ्यात उघडी पडत नाही. वर्षाचा बहुतेक काळ थोडीफार हिरवी राहते. शेंगावर्गातली असल्याने मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तिला नत्र पुरवतात. नत्राने भरलेला पाला आणि आजूबाजूला दुसरे काही हिरवे नाही, म्हटल्यावर शेळ्या येणारच. त्यावर तोड म्हणून काटे. धनगराच्या हातातली आकडी ही त्या तोडीवरची तोड. त्याच कोरड्या मुलखातली नेपती तर पानाच्या फंदातच फारशी पडत नाही. कोवळ्या फांदीवर काही दिवस बारीक पाने येतात आणि गळतात. पुढचे काम हिरव्या फांद्याच करतात.

पावसाच्या आकड्यावरून पान ओळखता येत नाही, या गोष्टीचे टोक म्हणजे कोकणातल्या खाडीकाठचे तिवर. वर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, मुळे भरतीच्या पाण्यात बुडालेली, आणि तरीही पान जाड, खालून लवदार, दुष्काळी मुलखातल्यासारखे. पाणी आहे, पण खारे. तिवर ते मीठ पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दिवसांत पान चाटून पाहिले तर जिभेला मीठ लागते.

भारतातल्या वनप्रकारांची जी वाटणी सरकारी कागदांत आजही चालते, ती हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये केली आणि १९६८ मध्ये एस. के. सेठ यांच्याबरोबर सुधारली. त्या वाटणीत १६ मोठे गट आहेत. महाराष्ट्रात निमसदाहरित, आर्द्र पानझडी, शुष्क पानझडी, काटेरी अशी नावे त्यातूनच आली. ही नावे सोयीची आहेत, पण त्यांच्यामुळे अमुक जंगल म्हणजे अमुक पान अशी समजूत रुजते, आणि ती मोजमापांपुढे टिकत नाही. २००४ च्या त्या जागतिक अभ्यासात हवामानाचा पानांच्या गुणांवरचा प्रभाव लेखकांनाही आश्चर्य वाटावे इतका बेताचा निघाला. एकाच जागी शेजारी उभ्या झाडांमध्ये फरक प्रचंड होता. ताडोबाच्या नाल्याकाठी जांभूळ बारमाही हिरवे असते, कारण त्याची मुळे ओलाव्यात आहेत. वीस पावलांवर चढाला साग, त्याच्या पायाशी तेंदूचे झुडूप, पलीकडे पळस. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. मुळांपर्यंत पोचणारे पाणी, ते किती महिने पुरते, आणि झाडाने ते कोणत्या महिन्यांत खर्चायचे ठरवले आहे, हे प्रत्येकाचे वेगळे.

शिवाय नकाशावर ‘पानझडी’ म्हणून रंगवलेले सगळेच रान पावसाने घडवलेले नाही. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. ऐन, किंजळ अशा झाडांच्या पालेदार फांद्या दरवर्षी तोडून, वाळवून, शेण-गवतासह त्या वाफ्यावर जाळल्या जातात; तण मरते, राखेतून पोषण मिळते. वर्षानुवर्षे फांद्या गेलेला ऐन खांबासारखा उभा असतो आणि तरी दरसाल फुटतो. स्वस्त, भराभर येणारी पाने हीच त्याची ताकद. अंजनीसारख्या सावकाश जमवणाऱ्या झाडाला असा कर झेपत नाही. पिढ्यांच्या तोडीतून पुन्हा फुटण्यात पटाईत अशी पानझडी झाडे उरतात आणि सदाहरित झाडे मागे हटतात. याची साक्ष देवरायांत मिळते. चहूकडे ऐन-किंजळाचे खुंट आणि मध्ये देवाच्या नावाने कुऱ्हाड न लागलेला काळोखा, बारमाही हिरवा तुकडा. दोघांवर पाऊस तोच.

आगीचेही तसेच. फाल्गुनात सागाची वाळलेली पाने चुरचुरीत, वळलेली, मध्ये हवा खेळेल अशी पडलेली असतात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, आणि वारा असला तर वणवा डोंगर चढतो. दाट सदाहरित रानातला जाड पाला सावलीत ओलसर, चपटा पडून राहतो आणि सावकाश कुजतो. तिथे काडी टाकली तरी सहसा धुमसून विझते. जिवंतपणी पान जसे होते त्याप्रमाणे त्याचे मरणोत्तर आयुष्य ठरते, आणि पुढच्या वर्षी त्या जमिनीवर काय उगवेल यावर त्याचा परिणाम होतो.

टेबलावरच्या तीन पानांशेजारी ज्या विद्यार्थ्यांना स्वतःची पाने मांडायची असतील त्यांना महागडी साधने लागत नाहीत. आलेखाचा कागद, सोनाराकडे असतो तसा मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि पाने वाळवायला साठ-सत्तर अंशांवर ठेवता येईल अशी भट्टी पुरे. ती पुष्कळ महाविद्यालयांत असते. उन्हातली, पूर्ण वाढलेली, किडीने न खाल्लेली दहा पाने घ्यायची. ताजी असताना कागदावर ठेवून कडा आखायच्या, चौकोन मोजायचे, मग दोन-तीन दिवस वाळवून वजन करायचे. सुरुवात जांभळापासून करावी, कारण ते महाबळेश्वरच्या पठारावरही आहे आणि माणदेशातल्या ओढ्याकाठीही. एकाच जातीची दोन ठिकाणची पाने एका काट्यावर येतील. सागाचे पान हवे असेल तर मृगाच्या सरींपर्यंत वाट पाहावी लागेल. पूर्ण वाढलेले, धड पान हवे तर श्रावणापर्यंत, आणि तोवर त्यातले किती अळ्यांनी शिल्लक ठेवले आहे तेही बघावे लागेल.